स्वप्नातलं घर की चांगली शाळा? पहिलं घर घेणाऱ्या आईबाबांसाठी

आमची मुलगी पहिलीत होती तेव्हा मी रोज दुपारी चारला फाटकाशी उभी असायचे. बस थांबायची, बसमधल्या ताई दार उघडायच्या आणि बहुतेक वेळा तिला उचलूनच माझ्याकडे द्यायच्या, कारण ती गाढ झोपलेली असायची. एक बूट पायात, एक ताईंच्या हातात. ते घर आम्ही मोठ्या हौसेने घेतलं होतं. भरपूर उजेड, लांबलचक गॅलरी, तिच्यासाठी वेगळी खोली. पण त्या घरात ती जागी अशी दिवसातून जेमतेम चार तास असायची.

घर बघताना आम्ही शाळेचं अंतर नकाशावर मोजलं होतं, आणि तेही किलोमीटरमध्ये. सकाळी किती वाजता उठावं लागेल, हे कोणी मोजलं नव्हतं. तुमच्यासमोर आत्ता दोन घरं असतील, एक मनात भरलेलं आणि दुसरं थोडं अडचणीचं पण चांगल्या शाळेजवळचं, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने करून बघा. हा प्रश्न मुलाच्या दिवसातल्या तासांवर आणून ठेवला की त्याचा बराचसा गुंता सुटतो, असा माझा अनुभव आहे.

पायरी 1 : शाळेची किती वर्षं उरलीत ते मोजा

एका कागदावर मुलाचं वय लिहा आणि त्यापुढे शाळेची उरलेली वर्षं. मूल 4 वर्षांचं असेल तर पुढे बारा-तेरा वर्षांची शाळा आहे. 14 वर्षांचं असेल तर तीन-चार वर्षांत शाळा संपते, आणि घराचं कर्ज मात्र वीस वर्षं चालतं. दोन मुलं असतील तर थोरल्याच्या पहिल्या दिवसापासून धाकट्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत मोजा. दोघांत सहा वर्षांचं अंतर असेल तर हा काळ सहज अठरा वर्षांवर जातो.

वयाचा मुद्दा मी सगळ्यात आधी घेते त्याला कारण आहे. अमेरिकेत 1994 ते 1998 या काळात पाच शहरांतल्या सुमारे 4,600 गरीब कुटुंबांना घेऊन एक मोठा प्रयोग झाला. त्यांच्यातल्या काहींना, चिठ्ठ्या टाकून, कमी गरिबीच्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत दिली गेली. राज चेट्टी, नॅथनिएल हेंड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी त्या मुलांची पुढची कमाई तपासली आणि 2016 साली निष्कर्ष मांडले. तेराव्या वर्षाच्या आत नव्या वस्तीत गेलेली मुलं पंचविशीच्या आसपास इतरांपेक्षा सुमारे 31 टक्के जास्त कमवत होती. तेराच्या पुढे असताना गेलेल्यांना असा फायदा झाला नाही, उलट थोडं नुकसानच दिसलं. ती कुटुंबं फार हलाखीच्या वस्तीतून निघाली होती, त्यामुळे ते आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण परिसर बदलायचाच असेल तर लवकर बदला, आणि जुळलेल्या मित्रांतून दहावीच्या मुलाला उगाच उपटू नका, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

अजून मूल झालेलं नसेल तर एखाद्या शाळेच्या नावावर जास्तीचे पैसे मोजू नका. सहा वर्षांत मुख्याध्यापक बदलतात, शिक्षक बदलतात, कधी शाळेचं व्यवस्थापनही बदलतं.

पायरी 2 : पत्त्यावर प्रवेश मिळतो का, हे लेखी विचारा

इथे फार लोक फसतात. “शाळा समोरच आहे” आणि “शाळेत प्रवेश मिळेल” ही दोन वेगळी वाक्यं आहेत. घर दाखवणारा माणूस पहिलं म्हणतो आणि आपण दुसरं ऐकतो.

प्रत्येक देशात नियम निराळे. अमेरिकेत बहुतेक सरकारी शाळांची हद्द ठरलेली असते आणि तुम्ही कुठल्या हद्दीत राहता त्यावर शाळा ठरते, पण ती हद्द पुन्हा आखली जाऊ शकते. इंग्लंडमध्ये मागणी जास्त असलेल्या शाळा अनेकदा घरापासूनचं अंतर बघतात. शेवटचा प्रवेश किती अंतरावरच्या मुलाला मिळाला, हा आकडा दरवर्षी पुढेमागे होतो, त्यामुळे गेल्या वर्षी हद्दीत असलेलं घर यंदा बाहेर पडू शकतं. सिंगापुरात 1 किलोमीटरच्या आतलं घर, 1 ते 2 किलोमीटरमधलं आणि त्यापलीकडचं असा प्राधान्यक्रम लागतो, आणि अंतराच्या जोरावर प्रवेश घेतला तर त्या पत्त्यावर किमान 30 महिने राहावं लागतं. भारतात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत 25 टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. बाकीच्या जागांसाठी मात्र निव्वळ शेजारी राहण्याने हक्क मिळत नाही.

म्हणून शाळेला किंवा तिथल्या शिक्षण कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. गेल्या तीन वर्षांत सर्वांत लांबून आलेल्या कोणत्या मुलाला प्रवेश मिळाला? हद्द बदलण्याचा काही प्रस्ताव आहे का? भावंडांना प्राधान्य आहे का? वर्षाच्या मध्ये किंवा वरच्या इयत्तेत जागा असते का? आणि ही शाळा कितवीपर्यंत आहे? शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. चौथीपर्यंतच्या शाळेसाठी वीस वर्षांचं कर्ज काढलेली माणसं मी बघितली आहेत.

नातेवाइकाचा पत्ता दाखवून प्रवेश घ्यायचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. जिथे पत्ता तपासतात तिथे असा प्रवेश रद्द होतो, आणि शिक्षा भोगतं ते मूल.

नावाजलेल्या शाळेमुळे घर महाग होतं, ही केवळ विकणाऱ्यांची बडबड नाही. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी बॉस्टनच्या उपनगरांतली घरं तपासली. शाळेच्या हद्दीच्या रेषेला अगदी लागून असलेली दोन्ही बाजूंची घरं त्यांनी निवडली, म्हणजे वस्ती तीच, फक्त शाळा वेगळी. 1999 साली छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं की परीक्षेचे गुण 5 टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घराला सुमारे 2.5 टक्के जास्त देतात. शाळेचं नाव टिकलं तर हे पैसे विकताना बऱ्यापैकी परत येतात. रेषा सरकली तर येत नाहीत. आणि हेही बघा, पालकांनी जास्तीचे पैसे मोजले ते गुणांसाठी. शाळा चांगली आहे का, हे त्याने अजून कळलेलंच नाही.

पायरी 3 : शाळा आतून बघा

निकालाचा फलक शाळेबद्दल जितकं सांगतो तितकंच तिथे येणाऱ्या घरांबद्दल सांगतो. अमेरिकेत 1966 साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सहा लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती घेऊन अहवाल दिला. मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या पार्श्वभूमीशी जास्त जुळतो, असं त्यात निघालं. नंतरच्या अभ्यासांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली: शिक्षकाने फार फरक पडतो, आणि एकाच शाळेतल्या दोन शिक्षकांत तो फरक मोठा असू शकतो. म्हणून इमारत, गणवेश, प्रवेशद्वारावरचे बक्षिसांचे फोटो यांच्यापुढे फार वेळ उभं राहू नका. वर्गापर्यंत जा.

आम्ही दुसऱ्यांदा शाळा शोधली तेव्हा मी दोन शाळांत चौथीच्या वह्या मागितल्या. पहिल्या शाळेतली वही सुंदर होती. कव्हर घातलेलं, अक्षर मोत्यासारखं, पानोपानी बरोबरच्या खुणा. तिच्याखालची वही उघडली तर उत्तरं शब्द न् शब्द तीच. तिसरीतही तेच. सगळं फळ्यावरून उतरवलेलं. दुसऱ्या शाळेतली वही मळकी होती, खोडरबराने एक कोपरा फाटलेला. एका चुकीच्या उत्तराशेजारी, समासात, बाईंनी लिहिलं होतं, “तुला असं का वाटलं?” आणि खाली मुलाने पेन्सिलीने दोन ओळींत कारण दिलं होतं. कारणही चुकीचंच होतं. त्याखाली बाईंचा आणखी एक प्रश्न होता. मी ती वही हातात धरून बराच वेळ उभी राहिले.

वह्या दाखवायला नकार मिळाला, तर निदान हे विचारा: गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? एका वर्गात प्रत्यक्षात किती मुलं बसतात? भारतातला शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण सांगतो. वर्गात डोकावून बाकं मोजली की खरं काय ते कळतं. मग मुलांची स्वच्छतागृहं बघा, पाहुण्यांची नव्हे. वाचनालयातलं कुठलंही पुस्तक काढून ते शेवटचं कधी नेलं गेलं ते बघा.

आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: “मागे पडणाऱ्या मुलाचं तुम्ही काय करता?” हुशार मुलांबद्दल प्रत्येक शाळा भरभरून बोलते. या प्रश्नावर मात्र कुठे गप्प होतात, कुठे पालकांना शिकवणी लावायला सांगतात, आणि कुठे एखाद्या बाई खुर्ची पुढे ओढून तपशिलात सांगायला लागतात. तुमचं मूल आज हुशार असेल, पण बारा वर्षांत कधीतरी ते कुठल्यातरी विषयात अडकणारच. तेव्हा ही तिसरी शाळा हवी.

शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर अर्धा तास उभं राहा. मुलं कशी बाहेर पडतात, शिक्षकांशी कशी बोलतात, एकटी चालणारी किती जण आहेत, हे माहितीपत्रकात सापडत नाही.

पायरी 4 : रस्ता त्याच वेळी, त्याच वारी, स्वतः करून बघा

रविवारी दुपारी मोटारीतून केलेला प्रवास धरू नका. कामाच्या दिवशी सकाळी, शाळेच्या वेळेला, ज्या वाहनाने मूल जाणार आहे त्याच वाहनाने जा. बस मध्ये किती थांबे घेते तेही विचारा, कारण पहिल्या थांब्यावरच्या मुलाचा प्रवास सगळ्यात लांब असतो. पावसात एकदा जाता आलं तर उत्तम.

आता हिशेब. एका बाजूला 45 मिनिटं जास्त लागत असतील तर रोजचा दीड तास. वर्षाला शाळेचे साधारण 200 दिवस धरले तर 300 तास. बारा वर्षांत 3,600 तास, म्हणजे दिवसरात्र मोजले तर पूर्ण 150 दिवस मूल बसमध्ये. हा वेळ अभ्यासातून क्वचित जातो. तो जातो झोपेतून आणि खेळातून. झोपेच्या वैद्यकशास्त्रातल्या अमेरिकन तज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली सुचवल्याप्रमाणे 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप हवी. सव्वासहाची बस गाठायला सव्वापाचला उठणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला किमान नऊ तास मिळण्यासाठी रात्री सव्वाआठला झोप लागलेली हवी. तुमच्या घरात तोपर्यंत दोघंही कामावरून परत आलेले असतात का?

मोठ्यांचा प्रवासही याच कागदावर मांडा. मुलाची शाळा पाच मिनिटांवर आणि आईचं ऑफिस दीड तासावर, असं घर मुलासाठी घेतलं असं म्हणणं अर्धवट आहे. अलोइस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय यांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून 2008 साली दाखवलं की रोजचा प्रवास जितका लांब, तितकं माणसाचं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. लांबचं घर मोठं किंवा स्वस्त मिळाल्याने ती तूट भरून निघायला हवी होती, ती निघत नाही. मला हे अगदी पटतं. नव्या गॅलरीचं कौतुक वर्षभरात ओसरतं. रस्ता मात्र रोज नव्याने त्रास देतो.

पायरी 5 : स्वप्नाचे तुकडे करा

नवरा-बायकोने वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, स्वप्नातल्या घरात काय काय आहे ते लिहा. मग कागद अदलाबदल करा. आमच्याकडे यातूनच खरी बोलणी सुरू झाली. मी “लांब गॅलरी” लिहिलं होतं आणि मला वाटत होतं की ते दोघांचं स्वप्न आहे. नवऱ्याच्या कागदावर गॅलरी नव्हतीच. त्याने लिहिलं होतं, “रात्री दिवा लावून वाचत बसलो तर कोणाची झोपमोड होऊ नये.” त्याला खोली नको होती, एक कोपरा हवा होता.

आता प्रत्येक गोष्टीपुढे लिहा, ही नंतर करता येईल का? ओटा, फरशी, कपाटं, रंग, दिवे हे सगळं पाच वर्षांनी, हातात पैसे आल्यावर करता येतं. सूर्यप्रकाश आणता येत नाही. वारा आणता येत नाही. खालच्या रस्त्याचा गोंगाट, शेजारच्या मोकळ्या जागेवर उद्या उभी राहणारी इमारत, दोन्ही वेळचं पाणी, शाळेचं अंतर, हे घेतलं तसंच राहतं. तुमच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी पहिल्या प्रकारच्या निघाल्या, तर शाळेजवळचं घर घ्यायला कचरू नका. स्वप्न हप्त्याहप्त्याने तिथेच बांधता येईल.

पण याची दुसरी बाजू मी तितक्याच कळकळीने सांगते. घरी मुलाला तीन गोष्टी लागतात: चांगल्या उजेडातलं एक टेबल, शांत झोपेची जागा आणि मित्रांना बोलावता येईल असा कोपरा. जवळच्या घरात या तीन बसतच नसतील, चार माणसं एका खोलीत आणि टीव्ही दिवसभर सुरू अशी गत होणार असेल, तर उत्तम शाळेचाही फायदा घरी येईपर्यंत गळून जातो. अशा वेळी मी मोठं घर आणि बरी शाळा निवडेन, आणि मनाला लावून घेणार नाही.

पायरी 6 : हप्ता ताणून बघा

कर्ज 9 टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी असेल तर घेतलेल्या प्रत्येक 100 मागे महिन्याचा हप्ता साधारण 0.90 पडतो. व्याज 10 टक्के झालं तर तो 0.965 होतो, म्हणजे 7 टक्क्यांहून जास्त वाढ. ही वाढ आणि शाळेची दरवर्षी वाढणारी फी एकत्र धरून बघा. पुरत नसेल तर ते घर आत्ता तुमचं नाही.

“आत्ता शाळेजवळ घेऊ, सात वर्षांनी विकून मनासारखं घेऊ” असा बेत असेल तर आणखी एक आकडा ध्यानात ठेवा. याच कर्जात सात वर्षं हप्ते भरल्यावरही 100 पैकी जवळजवळ 83 मुद्दल शिल्लकच असते, कारण सुरुवातीचे हप्ते बहुतांशी व्याजात जातात. त्यात विकताना-घेतानाचे कर, नोंदणी, दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च. बेत वाईट नाही, पण तो फुकट नाही.

महिनाअखेरीला पैशावरून वाद होणाऱ्या घरात मूल सगळं ऐकत असतं, हेही हिशेबात धरा.

पायरी 7 : तिसरी वाट

घर एकीकडे घेऊन ते भाड्याने द्यायचं आणि आपण शाळेजवळ भाड्याने राहायचं, हा मार्ग लोक विचारातच घेत नाहीत, कारण स्वतःचं घर असून भाड्याने राहणं जिवावर येतं. आम्ही शेवटी हेच केलं. दोन वर्षं गॅलरीतून बस बघितल्यावर शाळेपासून बारा मिनिटं चालत अंतरावर दोन लहान खोल्या घेतल्या. येणारं भाडं आणि जाणारं भाडं यांचा मेळ आधी घाला, घरमालकाशी करार किती वर्षांचा आहे ते बघा, आणि पत्ता बदलला तर मुलाचा प्रवेश टिकतो का तेही विचारा. घर घेण्यापूर्वी वर्षभर त्या परिसरात भाड्याने राहून बघता आलं तर त्याहून चांगलं. शाळाही कळते आणि रस्ताही.

पायरी 8 : इसार देण्याआधी

हातात हे असू द्या: शाळेचं लेखी उत्तर, शाळेच्या वेळेला केलेल्या प्रवासाची मिनिटं, दोघांचे स्वप्नांचे कागद, वाढीव व्याजाने काढलेला हप्ता. मूल दहाच्या आतलं असेल, दोन्ही घरांत ते नीट झोपू आणि बसू शकत असेल आणि पैशाचा मेळ बसत असेल, तर माझा कौल शाळेजवळच्या घराला, शाळा नंबर एकची नसली तरी. मूल शाळेच्या शेवटच्या टप्प्यात असेल तर मनातलं घर घ्या आणि तेवढी दोन-तीन वर्षं प्रवासाची काहीतरी सोय करा.

आणि मुलाला विचारा. “कोणतं घर आवडलं?” असं नको, ते रंग बघून उत्तर देईल. त्याला विचारा, दिवसातली कुठली वेळ सगळ्यात जास्त आवडते. आमच्या मुलीला विचारलं तेव्हा मला वाटलं होतं ती तिची खोली म्हणेल. ती म्हणाली, शाळा सुटल्यावर बस सुरू व्हायच्या आधीची, कारण तेव्हा सगळे मैदानावर असतात. ती किती वेळ असते, असं विचारलं तर तिने हाताची सगळी बोटं दाखवली. पाच मिनिटं.